एकतीस नंबरचा सापळा

डासशाळेतल्या ताईंचे रोजचे नेम चार. पहाटे उठून देवापुढे दिवा लावायचा. एकशे आठ वेळा नाम घ्यायचं. कुणालाही उलट उत्तर द्यायचं नाही. आणि चौथा, जो त्यांनी आजवर कुणालाच सांगितला नव्हता: रोज संध्याकाळी एक डास सोडून द्यायचा.

पहिले तीन नेम सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यांच्यापायी ताईंना मान होता. चौथा कळला तर त्या मानाचं काय होईल हे ताईंना बरोबर ठाऊक होतं, म्हणून तो त्या पदराआड ठेवत. पदराआड म्हणजे खरं तर पर्सआड. कापसाचा बोळा लावलेली बोटभर काचेची नळी, तिच्यात एक नर, आणि नळी पर्सच्या आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या घराशेजारी.

‘डासशाळा’ हे नाव ताईंच्या नवऱ्याने ठेवलेलं. दारावरच्या पाटीवर चांगलं दोन ओळींचं सरकारी नाव होतं, पण ते वाचेपर्यंत माणूस आत पोचलेला असे. आत एकच लांब खोली, उबदार आणि दमट. भिंतीला लागून रॅक, रॅकवर पांढरे ट्रे, ट्रेमध्ये पाणी, पाण्यात अळ्या. पलीकडे जाळीचे पिंजरे. तापाचे डास कसे वाढतात, काय खातात, कशाने मरतात हे शिकायचं तर ते हाताशी हवेत, म्हणून ते पाळायचे. पाळण्याचं काम ताईंचं. कागदाच्या पट्टीवर मिरपुडीसारखी चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाण्याचा स्पर्श झाला की काही तासांत फुटतात. अळ्या डोकं खाली करून लटकतात, शेपटीच्या नळीने श्वास घेतात, माशांचं खाद्य खातात. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांचे स्वल्पविरामासारखे कोष होतात. कोष खात-पीत नाहीत, नुसते टुणटुणतात. लहान कोष नराचा, मोठा मादीचा. ताई चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या डोळ्यांनी हे वेगळे करत, आणि शंभरात एक चुकला तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

जास्तीचे ट्रे रोज चार वाजता उकळत्या पाण्याने संपवायचे, हेही काम ताईंचंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी, एकोणीस वर्षांपूर्वी, त्यांनी किटली ओतली आणि घरी जाऊन ताट तसंच बाजूला सारलं. मग देवापुढे बसून त्यांनी एक तोडगा काढला. भाजीवालीशी करतात तशी घासाघीस देवाशी करावी लागली. हजार मारते, पण रोज एक सोडते. देव काही बोलला नाही, तेव्हा ताईंनी सौदा पटला असं धरलं. सोडायचा तो नरच, असा एक पोटनेमही लावून घेतला, कारण नर चावत नाही. अंड्यांसाठी रक्त लागतं ते मादीला. नर बापडा फुलातला गोड रस पिऊन आठ-दहा दिवसांचं आयुष्य काढतो. म्हणजे पुण्य पदरात आणि पाप कुणाच्या अंगावर नाही. या हुशारीबद्दल ताईंना मनातून स्वतःचं फार कौतुक होतं.

त्या सोमवारी डॉक्टरांनी मोठा प्रयोग सुरू केला.

डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत, डासांचे. वय पस्तीस, पायात दोन वेगवेगळे मोजे, आणि डासांविषयी बोलू लागले की हातातला चहा गार. शहरात तापाचे अकरा रुग्ण सापडले होते, त्यातले सात कालव्याकाठच्या वस्तीत. रुग्णाच्या घरापासून किती अंतरापर्यंतची घरं तपासायची, हा प्रश्न होता. आजवर दोनशे मीटर धरत. हा डास मुळात घरकोंबडा. जिथे जन्मतो त्याच्या आसपासच मरतो. पण “धरतात” हा शब्द डॉक्टरांना चालत नसे. म्हणून हजार नरांवर गुलाबी भुकटी शिंपडली, डासशाळेच्या अंगणातून त्यांना सोडलं आणि शहरभर चाळीस सापळे लावले. सापळा म्हणजे काळ्या-पांढऱ्या कापडाची बादली, आत माणसाच्या घामासारख्या वासाची पुडी आणि डासाला आत ओढणारा पंखा. रोज सकाळी सापळेवाले काका सायकलवरून फिरून चाळीस पिशव्या आणत. ताई अंधाऱ्या कोठडीत जांभळ्या दिव्याखाली एकेक डास बघत. भुकटी लागलेला डास त्या उजेडात ठिणगीसारखा चमके.

हजार सोडले, तरी पन्नासेक नर मागे ठेवले होते, भुकटी किती दिवस टिकते ते बघायला. खोलीत त्या आठवड्यात नर तेवढेच. बाकी साऱ्या माद्या. आता मादी सोडायची नाही हा पोटनेम. तेव्हा सोमवारी संध्याकाळी ताईंनी त्या पिंजऱ्यातला एक नर नळीत घेतला आणि सात नंबरच्या बसने घरी नेला. गुलाबी होता खरा. “छान दिसतोस,” असंही त्या त्याला म्हणाल्या.

नोकरी ताईंच्या डोक्याच्या एका कप्प्यात होती आणि नेम दुसऱ्या. दोन्ही कप्प्यांना मधे दार नव्हतं.

मंगळवारी दिव्याखाली जवळच्या सापळ्यांत बावीस ठिणग्या निघाल्या. लांबच्या सापळ्यांत काही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. आणि एकतीस नंबरच्या पिशवीत एक ठिणगी.

“डॉक्टर,” ताई हळूच म्हणाल्या, “एकतीसमध्ये एक आहे.”

“असणं शक्य नाही. एकतीस तीन किलोमीटरवर आहे.”

“आहे पण.”

डॉक्टरांनी स्वतः बघितलं, दिवा बदलून बघितलं, काकांना बोलावलं.

“काका, पिशव्यांची अदलाबदल?”

“सत्तावीस वर्षं सायकल मारतोय, साहेब,” काका म्हणाले. “पिशव्यांची अदलाबदल माझ्या हातून व्हायची नाही. सायकलची होईल एखादे वेळी.”

बुधवारी एकतीसमध्ये पुन्हा एक. गुरुवारी एक. शुक्रवारी एक. शनिवारीही एकच. डॉक्टरांचा चहा आता गार व्हायलाही ओतला जात नव्हता. “मादी गेली असती तर एक वेळ समजलो असतो, पण नर! इतका दुबळा प्राणी! तीन किलोमीटर! आणि रोज एकच, पोस्टमनसारखा!” ताईसुद्धा हरखून गेल्या होत्या. इवल्याशा पंखांत देवाने केवढं बळ घातलंय, असं म्हणत त्यांनी वहीत पाचही नोंदी सुवाच्य अक्षरात केल्या.

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि टाचण्या टोचल्या. डासशाळेभोवती लाल टाचण्यांचा घोळका, आणि दूर कोपऱ्यात एकटी पिवळी. ताईंनी चष्मा डोळ्यांवर आणला.

“ही तर आमची गल्ली.”

“हो का? मग भाग्यवान आहात, ताई! इतिहास तुमच्या गल्लीत घडलाय.”

आणि इथे ताईंच्या मनात जो विचार आला, तो पुढे आठवला की एकट्या असल्या तरी त्या पदर तोंडावर घेत. त्यांना वाटलं, ही नेमाची फलश्रुती. एकोणीस वर्षं ज्यांना जीवदान दिलं, त्यांची ही जात कृतज्ञतेने तीन किलोमीटर उडत आपल्या दाराशी येतेय! डोळे भरून आले. डॉक्टरांना वाटलं विज्ञानाने भरून आले.

“सोमवारी अकरा वाजता अधिकारी बाई येतायत,” डॉक्टर सांगत होते. “दोनशे मीटरचा हिशेब आता बाद. तीन किलोमीटर म्हणजे सगळं शहर. घराघरांत जाऊन पाणी बघणाऱ्या बारा बायका सगळ्या शहराला कुठे पुरणार? ते बंद. गाड्यांवरून धूर सोडायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.”

“आणि कालव्याकाठची वस्ती?”

“तिथेही गाडी जाईल की. पाळी येईल तेव्हा.”

कालव्याकाठच्या वस्तीत ताईंची धाकटी नणंद राहत होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि आता आठवा सरत होता. सकाळीच तिचा फोन आला होता. “वहिनी, शेजारच्या बाईला पण ताप आलाय गं. तुमच्या त्या बायका कधी यायच्या? का मी डासीण असते तर लवकर आली असतीस?” नणंदेची जीभ तशी माहेरापासूनच तिखट. पण वाक्य संपताना आवाज जरा कापला होता, ते ताईंच्या कानाने टिपलं होतं. आणि धुराचं ताईंना काय माहीत नव्हतं? हा डास घरात, पलंगाखाली, कपड्यांच्या घडीत बसतो. धूर रस्त्यावरून जातो. पिंपातल्या अळीला तर तो गेल्याचंही कळत नाही.

तरी घरी जाताना पर्समध्ये नळी होतीच. नेम तो नेम.

ताईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीशी त्याचं टेबल, डोळ्याला भिंग, समोर पोट उघडलेली घड्याळं. ताई शेजारच्या खिडकीशी गेल्या, कापूस काढला, डोळे मिटले आणि नेहमीसारखं पुटपुटल्या, “जा बाबा, सुखात राहा.”

“गेला,” नवरा भिंगातून म्हणाला. “सहा बावीस. काल सहा पंचवीस लागले होते.”

ताईंनी डोळे उघडले. “कुठे गेला?”

“पंख्यात.”

“कुठल्या पंख्यात?”

“अगं, खालच्या सज्ज्यावर तुमचा सापळा नाही का? सोमवारी दुपारी काका लावून गेले. वीज आपल्याच टेबलावरून दिली मी. तू रोज एक सोडतेस आणि तो रोज आत ओढला जातो. मला वाटलं, यंत्र नीट चालतंय का तेही तपासतेस.”

ताईंनी खिडकीतून वाकून बघितलं. हातभर खाली काळी-पांढरी बादली घुमत होती. तिच्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात एकतीस लिहिलेलं होतं. आठवडाभर ती घुमघुम त्यांना नवऱ्याच्या टेबलफॅनची वाटत होती.

त्या तिथेच स्टुलावर बसल्या. ज्यांना जीवदान दिलं ते सहाही जण हातभर अंतरावर संपले होते. कृतज्ञतेने कुणी आलं नव्हतं. सगळे बसने आले होते, चष्म्याच्या घराशेजारी बसून.

“एकोणीस वर्षं मला माहीत आहे तुझं ते,” नवरा हळू आवाजात म्हणाला. “म्हटलं, बाईला लपवायचंय तर लपवू दे.”

रविवार ताईंनी देवासमोर काढला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत लबाड रविवार होता. खोटं बोलायचं नाही हे तर ठरलेलंच. पण खोटं कुठे बोलायचं होतं? फक्त गप्प बसायचं होतं. आणि मौन हेसुद्धा व्रतच की! चांगलं पाचवं व्रत. एकशे आठ नामांत त्या तीनदा चुकल्या आणि तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक वेळी साठ-सत्तरच्या आसपास नणंदेचा आवाज यायचा, “तुमच्या त्या बायका कधी यायच्या?” संध्याकाळी त्यांनी देवाला स्पष्टच विचारलं की नोकरी गेली तर काय. देव एकोणीस वर्षांपूर्वी बोलला नव्हता, तसाच आजही बोलला नाही. ताईंना पहिल्यांदाच शंका आली, की तो सौदा त्याने मुळात ऐकला तरी होता का.

सोमवारी अकराला अधिकारी बाई आल्या. ठेंगण्या, घाईतल्या, हातात दोन फोन. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मोजे जोडीचे होते.

“हे नर,” डॉक्टर पिवळ्या टाचणीवर बोट ठेवून म्हणाले, “तीन किलोमीटर उडाले.”

“उडाले नाहीत,” ताई म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही. मादी डासाचा आवाज ताईंपेक्षा ठणठणीत असतो, असं काका नेहमी म्हणत. डॉक्टर पुढे सांगत गेले. वारा, तापमान, पंखांची फडफड. ताई पुन्हा म्हणाल्या, “उडाले नाहीत.” अधिकारी बाईंनी एक फोन बंद केला तो दुसऱ्यावर बोलायला.

तेव्हा ताई उठून उभ्या राहिल्या आणि एकोणीस वर्षांत त्या खोलीने ऐकला नव्हता असा आवाज काढून म्हणाल्या, “ते उडाले नाहीत, डॉक्टर! ते बसने आले!”

अधिकारी बाईंनी दुसराही फोन कानावरून काढला.

“कुठल्या बसने?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“सात नंबरच्या. माझ्या पर्समधून.”

मग सगळं सांगावं लागलं. किटली, ताट, सौदा, पोटनेम, नळी, खिडकी, सज्जा. बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. काकांनी आधी तोंडावर हात ठेवला, मग दोन्ही हात ठेवले, तरी हसू बोटांतून गळायला लागलं.

“म्हणजे ताई,” ते म्हणाले, “तुमच्या गल्लीतले निम्मे डास सरकारी म्हणायचे!”

अधिकारी बाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिवळी टाचणी उपटली आणि ती तळहातावर ठेवून ते बघत राहिले.

“काल आईला फोन करून सांगितलं मी,” ते म्हणाले. “तिला डास म्हणजे काय तेवढंच कळतं. तरी रडली.”

ताईंनी नकाशावरचं टाचणीचं भोक बोटाने दाबून बुजवलं.

“नर चावत नाही म्हणून नर सोडत होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो.”

“आणि नर काय करतो, ताई? इतकी वर्षं ट्रेमध्ये कुणी भरले हे सगळे?”

ताईंनी मान वळवून रॅककडे बघितलं.

“मादी जन्मात सहसा एकदाच जोडीदार घेते. त्या एकदाच्या भेटीवर मरेपर्यंत अंडी घालते, शेकड्याने. तुम्ही रोज एक ठणठणीत, पोट भरलेला नवरदेव गल्लीत पाठवत होतात.”

आता मात्र काकांना बाहेर जावं लागलं. अंगणातून त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पापपुण्याचा हिशेब करताना त्यांनी चावणं तेवढं मोजलं होतं, लग्नं मोजलीच नव्हती. एकोणीस वर्षं आपण जीवदयेच्या नावाखाली डासांचं वधूवर सूचक मंडळ चालवलं, हे न कळायला डासांवरच एवढी वर्षं काम केलेली बाई लागते, त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या कुणाला हे इतकं चांगलं जमलं नसतं.

अधिकारी बाईंनी दोन्ही फोन टेबलावर उलटे ठेवले. “म्हणजे दोनशे मीटर कायम?”

“कायम,” डॉक्टर म्हणाले. “एकतीस सोडला तर सगळे दीडशेच्या आत सापडलेत.”

“मग धुराच्या गाड्या थांबवा. बाराच्या बारा बायका आत्ता कालव्याकाठी. घर न्‌ घर.” त्यांनी ताईंकडे बोट दाखवलं. “आणि तेरावी या ताई. दृष्टी चांगली आहे म्हणतात यांची. बसने नको, आमच्या जीपमधून न्या. आणि आधी पर्स तपासा.”

नोकरी गेली नाही. डॉक्टरांनी एवढंच फर्मावलं, की अहवालात एकतीस नंबरची हकीकत ताईंनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहायची, सही करून. आणि ताई निघताना दारात येऊन, जरा नरमाईने म्हणाले, “सोडायचाच असेल रोज एक, तर या पिंजऱ्यातला त्या पिंजऱ्यात सोडा. देवाला चालेल ना?”

“विचारून सांगते,” ताई म्हणाल्या.

कालव्याकाठी दुपार तापली होती. बारा बायका दोघी-दोघींनी गल्ल्यांत शिरल्या. पिंपं, कुंड्यांखालच्या बशा, फुटके मग, गच्चीवर पडलेले टायर, कूलरच्या टाक्या. पाणी ओतायचं, आणि ओतून थांबायचं नाही, भांड्याची कड आतून घासायची, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटून बसतात आणि भांडं पुन्हा भरायची वाट बघतात. हे ताई दर घरात हळू आवाजात सांगत होत्या. आज जरा ऐकू येईल इतक्या हळू.

नणंद दारातच उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. “आलीस? मला वाटलं डासांचं सगळं आवरून मगच येशील.”

“आवरूनच आलेय,” ताई म्हणाल्या.

मागच्या अंगणात निळं पिंप होतं. ताई वाकल्या. सावली पडताच वर लटकलेल्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या, आणि त्यांच्यात चार-पाच कोष टुणटुणत होते. आज-उद्या उडणारे. ताईंनी सवयीने लहान-मोठे बघून घेतले. तीन नर, दोन माद्या. मग दोन्ही हातांनी पिंप कलतं केलं आणि सगळं तापलेल्या फरशीवर ओतलं. किती गेले ते मोजलं नाही. एक बाजूला काढण्यासाठी हात पर्सकडे गेलाही, पण पर्स जीपमध्ये राहिली होती.

“झालं?” नणंदेने विचारलं. घासणी देण्यासाठी तिने हात पुढे केला, आणि त्या उघड्या दंडावर एक येऊन बसली. काळी, पायांवर पांढऱ्या कड्या, मागचे दोन पाय वर उचललेले. मिशा विरळ, नरासारख्या झुपकेदार नव्हेत. मादीच.

ताईंना नेम आठवला, पोटनेम आठवला, एकोणीस वर्षं आठवली. हे सगळं आठवलं ते चापट बसल्यानंतर.

चापट अशी सणसणीत बसली, की शेजारची तापाने पडलेली बाई उठून खिडकीत आली.

“आई गं!” नणंद दंड चोळत ओरडली. “वहिनी! अगं, हात आहे का हातोडा!”

ताईंनी तळहात उजेडात धरून बघितला. चिरडलेली मादी, पोट चपटं, रक्ताचा टिपूस नाही. चावण्याच्या आधीच गाठली होती. त्या पिंपाच्या कडेवर टेकल्या.

नणंदेने तो तळहात बघितला, मग वहिनीचा चेहरा, आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. “नणंदेला एक ठेवून द्यायची म्हणून एकोणीस वर्षं वाट बघत होतीस ना गं? खरं सांग!”

उलट उत्तर द्यायचं नाही, हा तिसरा नेम अजून शाबूत होता. ताईंनी घासणी उचलली आणि पिंपाची कड आतून घासायला लागल्या.